खंडेनवमीचा मास्क

माझी मुलगी आइस हॉकी खेळते आणि त्यातही गोलकीपर आहे, हे सांगितलं की लोक आधी हसतात. सिंगापूरमध्ये आणि बर्फ? मीसुद्धा हसले होते. पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये बारा महिने पंखे गरगरत असतात, पोहे सादळू नयेत म्हणून मी डब्यावर डबे चढवून ठेवते, आणि याच घरातली पोरगी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, एका मॉलमधल्या रिंकवर, रबराच्या जाड चकतीपुढे छाती काढून उभी राहते. त्या चकतीला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवतात, म्हणजे रबर कमी आणि दगड जास्त. हे मला लेकीनेच कौतुकाने सांगितलं, आणि माझं हसू तिथेच थांबलं.

मी मुळातच भित्री. चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या रिस्क विभागात पंधरा वर्षं काम करते. काय काय बिघडू शकतं याची यादी करायची, मग त्या यादीत काय राहून गेलं असेल याची दुसरी यादी करायची, हे माझं काम. नवरा म्हणतो, "बँकेने तुला नोकरी नाही दिली, तुझ्या स्वभावालाच पगार सुरू केला." मन चिंती ते वैरी न चिंती, असं माझी आई म्हणायची. माझं मन तर वैऱ्याला शिकवणी देईल.

लेक अकरा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला त्या रिंकवर गेली आणि तिथलीच झाली. मुलींच्या संघात गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं, ही तयार झाली. मग तिने गोलकीपरांचा इतिहास वाचायला घेतला. शाळेच्या इतिहासात कधी एवढी रमली नाही. मी पोळ्या लाटत असायचे आणि ती ओट्यापाशी उभी राहून सुरू व्हायची.

"आई, तुला माहितीये, आधी गोलकीपरला खाली बसायलाच बंदी होती. बर्फावर पडून पक अडवला तर शिक्षा! एक जण गुडघ्यावर बसायचा आणि प्रार्थना करतोय असं दाखवायचा."

इथपर्यंत ठीक होतं. पण तिचे आवडते किस्से वेगळेच. कितीतरी वर्षं गोलकीपर मास्कशिवाय खेळायचे. उघड्या तोंडाने. नाकं मोडायची, गालाला टाके पडायचे, टाके घालून पुन्हा तिथेच उभे राहायचे. मास्क घालणारा भित्रा, असा तेव्हाचा समज. एकाच्या तोंडावर पक बसला, आत जाऊन टाके घालून आला आणि म्हणाला, आता मास्क घातल्याशिवाय उतरणार नाही. त्याच्या प्रशिक्षकाला ते अजिबात आवडलं नाही, पण तेव्हा संघाकडे दुसरा गोलकीपरच नसायचा, म्हणून त्याचं ऐकावं लागलं. त्याच्याही खूप आधी, एका कॉलेजच्या संघातल्या मुलीने तलवारबाजीची जाळी तोंडावर चढवली होती. म्हणे तिच्या वडिलांना तिच्या दातांची काळजी होती. त्या न पाहिलेल्या वडिलांबद्दल मला फार जवळीक वाटली. एक गोलकीपर होता, तो प्रत्येक सामन्याआधी उलटी करायचा. भीतीने. आणि वर्षानुवर्षं एकही सामना न चुकवता खेळला. "म्हणजे भीती वाटली तरी चालते," लेक म्हणाली. मी म्हटलं, "मला तर न खेळताच उलटी येतेय."

एक किस्सा तिने सांगायला नको होता. एका गोलकीपरच्या गळ्यावर दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं फिरलं. बर्फ लाल झाला. संघाबरोबरच्या माणसाने, जो पूर्वी सैन्यात होता, गळ्यात बोटं दाबून धरून त्याला वाचवलं. "आणि आई, सामना टीव्हीवर चालू होता. त्याची मॉम बघत होती. त्याला तेवढंच वाटत होतं, की मला लवकर इथून बाहेर न्या, तिला दिसायला नको."

पोळी तव्यावर करपली. तो माणूस जगला, थोड्याच दिवसांत परत खेळलाही, हे तिने पुढे सांगितलं. पण माझ्या कानात तेवढंच राहिलं, की त्याची आई बघत होती.

त्यानंतर महिनाभर मी नीट झोपले नाही, आणि मग मी एक वाईट गोष्ट केली. एका शनिवारी लेकीला सांगितलं, कोचचा मेसेज आलाय, आज सराव नाही. खोटं होतं. दुपारी तिच्या मैत्रिणींनी रिंकवरचे फोटो पाठवले आणि मी उघडी पडले. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "व्हाय, आई?" मी रडले, माफी मागितली, आणि आमच्यात एक करार झाला. मी पुन्हा कधी असं करणार नाही, आणि ती गळ्याची पट्टी बांधल्याशिवाय कधी गोलमध्ये उभी राहणार नाही.

ही पट्टी म्हणजे तळहाताएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड तुकडा. मास्कच्या हनुवटीला दोन नाड्यांनी बांधलेला असतो आणि गळ्यापुढे लोंबतो. जर्सीच्या आतून गळ्याभोवती कापडी कॉलर असते, ती तिच्या स्पर्धेच्या नियमाने सगळ्यांना लागते. पट्टी ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आमच्या घरात मात्र मर्जी माझी. तिने शब्द पाळला. मी पण पाळला. सामने मात्र मी बघत नसे. एकदा गेले होते, पहिला फटका आला तेव्हा डोळे मिटले ते बाहेर फूड कोर्टात जाऊनच उघडले.

मग ती खंडेनवमी आली. इथे सुट्टी नसते. ऑफिसातून येताना मी झेंडू आणले आणि संध्याकाळी पाट मांडला. आमच्या माहेरी त्या दिवशी हत्यारांची पूजा करायचे, म्हणजे ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्याचं हत्यार. पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, माझा ऑफिसचा पास, आईने दिलेली विळी, लेकीची पुस्तकं. त्या वर्षी मी पहिल्यांदाच म्हटलं, "तुझा मास्कही आण." ती इतकी खूश झाली की पळतच गेली. मास्कवर तिने काळ्या मार्करने टाके काढले होते. एका जुन्या गोलकीपरची ही पद्धत. पक जिथे जिथे आदळायचा तिथे तिथे तो मास्कवर टाके काढून घ्यायचा, मास्क नसता तर इथे पडले असते म्हणून. लेकीच्या मास्कवर सतरा ठिकाणी टाके होते. मी मोजले होते.

मास्क पाटावर नीट बसेना. खाली पट्टी लोंबत असल्याने सारखा एका अंगावर कलंडायचा. देवापुढे मान टाकलेलं ते तोंड मला बघवेना. अशुभ वाटलं, खोटं कशाला बोलू? मी नाड्या सोडल्या, पट्टी काढून शेजारी ठेवली, तिलाही हळदकुंकू वाहिलं आणि मास्क ताठ बसवला. काळ्या टाक्यांच्या मधे कुंकवाचं बोट लावलं. हात जोडून मनात म्हटलं, हिला सांभाळ. वरून झेंडूच्या पाकळ्या घातल्या, हार घातला. पूजलेली हत्यारं त्या रात्री हलवायची नाहीत, दुसऱ्या दिवशी अक्षता वाहून मगच उचलायची.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिचा सामना होता. सकाळी नवरा आणि ती निघायच्या घाईत. ती म्हणाली, "आई, मास्क तूच दे ना, प्रेयरमधून." मला भरून आलं. अक्षता वाहिल्या, मास्क उचलला, त्याच्या कापडी पिशवीत घातला, पिशवी तिच्या मोठ्या बॅगेत ठेवली आणि चेन ओढली. माझ्या या हातांनी. ते टॅक्सीने गेले आणि मी श्रीखंडात वेलची कुटून घातली.

नऊ चाळीसला निर्माल्य गोळा करायला बसले. पाकळ्या मुठीने उचलल्या आणि बोटांना काहीतरी गार, कडक लागलं. पट्टी. आरपार दिसणारं प्लॅस्टिक, वर कुंकू, खाली लाल खण. वरून बघताना ती दिसलीच नसती. माझी पाचावर धारण बसली. ज्या हातांनी हिला सांभाळ म्हटलं, त्याच हातांनी मी तिचा गळा उघडा करून पाठवला होता.

नवऱ्याला फोन लावला.

"ती आत गेली गं," तो म्हणाला. "मुलींच्या चेंजिंग रूममध्ये मी कसा जाणार? थांब, कोचना विचारतो." दोन मिनिटांनी त्याचाच फोन आला. "कोच म्हणाले, कॉलर आहे, नियमात बसतं. त्यांनी तिला विचारलं पट्टीचं. ती ओके म्हणाली."

"ओके म्हणाली? अरे, तिला थांबव!"

"कसं थांबवू? दुसरी गोलकीपर ओ लेव्हलच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसलीये. ही नाही उतरली तर संघच उतरत नाही. तू घेऊन ये, ब्रेकमध्ये बांधू. काही होत नाही."

काही होत नाही, हे तीन शब्द मी ऑफिसात कुणाच्या रिपोर्टमध्ये चालवून घेत नाही.

पाऊस होता, त्यामुळे टॅक्सीच्या ॲपवर नुसतं चक्र फिरत होतं. एकाने होकार दिला आणि दोन मिनिटांत रद्द केलं. मी पट्टी पर्समध्ये टाकली, गॅस बंद आहे का ते नेहमीसारखं दोनदा न बघता दार ओढलं आणि एमआरटीकडे, म्हणजे इथल्या मेट्रोकडे, धावले. आमचं स्टेशन लाइनचं पूर्वेकडचं टोक आणि रिंक पार पश्चिमेला. ज्या बेटाला आम्ही एरवी टीचभर म्हणतो, ते त्या सकाळी संपता संपेना.

गाडीत शनिवारची शांतता. समोर एक अंकल भाजीच्या ट्रॉलीवर हात ठेवून पेंगत होते. बेडोकला चार बायका चढल्या, हातात हॉकरकडून बांधून घेतलेला नाश्ता. सगळ्यांचं सगळं ठीक होतं याचा मला राग आला. नवऱ्याचा मेसेज आला: मॅच सुरू झाली. मग: एक गोल बसला, पण छान खेळतेय. आणि मग काहीच नाही. एक स्टेशन, दुसरं स्टेशन, पाच स्टेशनं, काहीच नाही. मी लिहिलं, काय चाललंय? त्याने पाहिलंसुद्धा नाही. का पाहिलं नाही? पाहण्यासारखी परिस्थिती नसेल तरच माणूस फोन बघत नाही. अशा विचारांचा मी पगार घेते, पण त्या दिवशी ते फुकट येत होते, आणि थांबत नव्हते. तो पूर्वी सैन्यात असलेला माणूस आठवला. आमच्या रिंकवर असं कोण आहे? कोच आहेत, बाटल्या भरणारी एक आंटी आहे, आणि माझा नवरा, ज्याला माझं बोट कापलं तर घेरी येते. त्या आईने टीव्ही बंद केला असेल का? की बघतच राहिली असेल? मी पर्समध्ये हात घालून पट्टी घट्ट धरली होती. हाताच्या घामाने कुंकू ओलं झालं आणि तळवा लाल झाला. मी तो पाहिला आणि घाईघाईने ओढणीला पुसला.

रिंकच्या काचेचं दार ढकललं तेव्हा सामन्याच्या तीन भागांपैकी दुसरा चालू होता. थंडी अंगावर आली. नवरा पायऱ्यांवर उभा राहून ओरडत होता, आनंदाने. फोन त्याच्या खिशात. त्याला काय बोलायचं ते मी नंतरसाठी ठेवलं.

ती समोर होती. पायांवर ते मोठाले पॅड, अंगावर एवढं सगळं चढवलेलं, आणि मास्क आणि जर्सीच्या मधे काळ्या कॉलरची दोन बोटं रुंद फट. मला दुसरं काही दिसत नव्हतं. ती काठीने गोलच्या दोन्ही खांबांना टकटक करून त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. जुने गोलकीपर असं करायचे, खांबांनी पक अडवला तर त्यांचे आभार मानायचे. मी या वेळी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं. आपण केलं आहे तर आपण बघायचं.

समोरून एक उंच मुलगी आली, काठी मागे नेली, आणि पक बर्फावरून उठला. मला तो दिसला नाही, ऐकू आला. ठक. माझी लेक मागे आदळली आणि पाठीवर पडली. शिट्टी वाजली. सगळ्या मुली थांबल्या. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. नवरा सांगतो, मी त्याच्या दंडाला नखं रुतवली आणि त्याला म्हणत राहिले, "मी काढली, मी काढली."

ती उठली. एका गुडघ्यावर, मग दोन पायांवर. पंचांनी काही विचारलं, तिने मान हलवली. मग पाणी प्याली आणि खांबांना पुन्हा टकटक केलं.

ब्रेक झाला आणि मी कुणाला न विचारता खेळाडूंच्या बाकापाशी गेले. तिने मास्क डोक्यावर सरकवला होता. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले. मला बघून ती आधी चकित झाली, मग तिचा चेहरा मिटला. मी पट्टी पुढे केली.

ती हळू आवाजात म्हणाली, "यू टुक इट आउट. मला वाटलंच."

"काय?"

"मी खेळू नये म्हणून. प्रॉमिस आहे ना आपलं, पट्टी नाही तर खेळायचं नाही. म्हणून तू काढलीस. लास्ट टाइमसारखं." तिचे डोळे भरले होते, पण आवाज नाही हलला. "म्हणून मी बाबाला नाही सांगितलं. कोचला ओके म्हटलं. आज मी नाही खेळले तर टीम आउट, आई."

मी तिला सांगितलं. मास्क कलंडत होता, म्हणून पूजेसाठी काढली, फुलांखाली राहिली, देवाशपथ. सांगताना माझं मलाच ते रचलेलं वाटत होतं. तिने पट्टीवरचं पसरलेलं कुंकू पाहिलं, मग माझी ओढणी पाहिली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही.

"ओके लाह," ती म्हणाली. "बांध लवकर."

तिने मास्क खाली ओढला आणि मान वर केली. मी नाड्या ओवल्या. पहिली गाठ सुटली, पुन्हा बांधली. मास्कच्या हनुवटीवर, अगदी खालच्या कडेला, पक लागल्याची ताजी काळी खूण होती. तिथून गळ्यापर्यंत मी अंतर मोजलं नाही. एरवी मी सगळं मोजते.

सामना त्या हरल्या. घरी आल्यावर तिने श्रीखंड दोनदा घेतलं आणि मार्कर काढून मास्कवर अठरावे टाके काढले. मला वाटलं, आता सगळं मागे पडलं. पण त्या दिवसापासून बॅग ती स्वतः भरते. मी जवळ गेले तरी रागावत नाही, फक्त बॅग आपल्याकडे ओढून घेते. आणि मी, जिला सगळ्यांच्या चुका सापडतात, आजही रात्री स्वतःला विचारते, की मी खरंच विसरले होते ना? उत्तर हो आहे. पण ते पटकन येत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

यंदाच्या खंडेनवमीला मी मास्क मागितला नाही. तीच घेऊन आली. पट्टी बांधलेली होती, नाड्यांना दोन दोन गाठी. तिने तो स्वतः पाटावर ठेवला आणि तो लगेच एका अंगावर कलंडला. माझा हात पुढे गेला.

"राहू दे, आई," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला आणि तशाच कलंडलेल्या मास्कला कुंकू लावलं.